गरम पाणी

साडेसहाला गजर. आधी गुडघे, मग पाय.
गालिच्याला आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्याचा वास;
त्या वासात नाक खुपसून मी म्हणतो,
स्वर्गातल्या बापा, आणखी एक दिवस दिलास, आभार.
पलीकडच्या पलंगाशी एल्डर फालेआफा.
त्याची प्रार्थना सामोअन भाषेत, माझ्याहून कितीतरी लांब.
माझी संपली तरी मी डोळे मिटूनच राहतो,
खरं सांगायचं तर देवासाठी नाही,
त्याला एकटं वाटू नये म्हणून.

नियम असा की जोडीदाराच्या नजरेआड जायचं नाही.
न्हाणीघराएवढीच काय ती स्वतःची जागा.
तिथे कधीकधी नळ सोडून
मी नुसताच बसतो.

ग्रिम्सबी. म्हणतानाच दात खाल्ल्यासारखं वाटतं.
गोदीकडून वारा येतो, मासळीचा वास घेऊन;
मासळी मात्र हल्ली ट्रकने येते म्हणे.
आमच्या आयडाहोत बटाट्याची शेतं,
कुणी पट्टीने आखल्यासारखी, आभाळाला टेकेपर्यंत.
इथे दारं. एकेका गल्लीत साठ-सत्तर.
दार लावायच्याही तऱ्हा असतात:
कुणी इतकं हळू लावतं की आत तान्हं मूल असावं,
कुणी पडदा सरकवून थिजून उभं राहतं
आणि त्यांचे पाय आम्हाला खालून दिसत राहतात.
परवा एकाने वीजमीटरचा आकडाच वाचून दाखवला.
फालेआफाने तो वहीत नीट लिहूनही घेतला.

"चहा टाकू का?" म्हणणारेही भेटतात.
खरी पंचाईत तेव्हा.
या देशात चहा नाकारायचा
म्हणजे पुढे केलेला हात हवेत ठेवायचा.
"नुसतं गरम पाणी चालेल," फालेआफा हसून सांगतो.
मग पाण्याचे दोन कप येतात, बशीसकट,
शेजारी एकेक बिस्किट,
आणि घरची बाई आमच्याकडे बघत बसते
पथ्यावरच्या माणसाकडे बघावं तशी.

मिसेस क्रॅगना देव नको होता.
बल्ब बदलून हवा होता.
"तुम्ही उंच दिसता," एवढीच आमची पात्रता.
मी स्टुलावर, स्टूल फालेआफाच्या मुठीत.
उजेड पडला तसा खुंटीवरचा रेनकोट दिसला,
पुरुषी, पिवळा, खांद्यावर धूळ.
"बोटीवर दुसरा घेऊन गेला," त्या म्हणाल्या,
"हा चांगला होता, म्हणून ठेवला."
निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं.
विसाव्या पानापासून पुढे मला तोंडपाठ आहे
मेल्यावर कोण कुणाला कुठे भेटतं ते.
मी स्टुलावरून उतरलो.
"खाली ठेवू का जुना बल्ब?" एवढंच विचारलं.

"नाव काय तुझं?"
"एल्डर लिंडक्विस्ट."
"एल्डर! अजून मिसरूड धड नाही.
आईने ठेवलेलं विचारतेय."
अकरा महिने कुणी विचारलं नव्हतं.
जिभेवर आलं तेव्हा
दुसऱ्याच्या खिशातून काढल्यासारखं वाटलं.
"ब्रॅकन."
त्या इतक्या हसल्या की खोकला आला.
"नेचा रे तो! डोंगरभर माजतो. मेंढरं तोंड लावत नाहीत.
जाळला तरी पुन्हा वर येतो मेला."
आणि पाणी आणलं, गरम, माझ्या कपात न विचारता
लिंबाची फोड.

रात्री साडेदहाला दिवे बंद.
बुधवारी बदल्या आहेत; फालेआफा हलला बहुतेक.
त्याच्या बाजूने अंधारात आवाज आला, "ब्रॅकन,"
चव घेतल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही.
मग, "माझं पेनी."
मी म्हणालो, बरं.

प्रार्थनेत मी नाव कधी सांगत नाही,
त्याला माहीत असणार असं धरून चालतो.
आज सांगितलं.
गालिच्याला कुत्र्याचा वास येतच होता.
सकाळी शर्टावर बिल्ला लावताना टाचणी बोटात गेली,
फालेआफाने चिकटपट्टी दिली, म्हणाला,
"चला, एल्डर, उशीर होतोय."