दोन्ही कानांत सारखा

चौथ्या शर्यतीत आम्ही सातव्या आलो.
नावा होत्या आठ.
आठवी उलटली होती.

बांधावर पंचभाई सर बसून होते,
गळ्यात दुर्बीण, हातात संत्र्याची फोड.
नौदलातून सुटून अकरा वर्षं झाली,
पँटीची इस्त्री अजून जहाजावरचीच.
फोड संपवली, बी थुंकली, मग म्हणाले,
"तू नावा पाहून राह्यली होती, पोरी.
वारा कोण पाहीन?"

खरं होतं.
भोंगा वाजला, गजभिये बहिणी डावीकडे गेल्या,
म्हणून मीही डावीकडे गेले,
त्यांच्या शिडानं वापरून टाकलेला वारा खात,
उष्ट्या ताटात जेवावं तशी.
पुढे नेवारे, लहान शिडाची दोरी धरून,
दोनदा म्हणाली, "उजवीकडे पाणी काळं होऊन राह्यलंय."
मी म्हटलं, गप.

त्या संध्याकाळी सरांनी माझे डोळे बांधायला लावले,
नेवारेच्याच ओढणीनं.
नाव काठाला, शीड खाली, नुसती मी उभी.
"मुंडी फिरव. हळू.
दोन्ही कानांत सारखा वाजला की थांब.
नाक जिकडे, वारा तिकडे."

आधी ऐकू आली मेट्रो.
मग बागेतला भेळवाला, मग कुणाचं तरी रडकं पोर.
मग डाव्या कानात कापड फाटल्यासारखं काही,
उजव्यात शुकशुकाट.
मान वळवली, बोटभर.
अजून बोटभर.
आणि तो मधोमध येऊन उभा राहिला,
दारात कुणी यावं आणि बेल वाजवू नये तसा.

"समुद्राचा वारा सरळ माणूस," सर म्हणाले,
"तळ्याचा पोट्टा हाये.
दर दोन मिनटाले मन बदलवते.
त्याच्यावर रागावू नको, त्याले मोज."

मग महिनाभर रंगवलेल्या पिंपाभोवती
चाळीस वळणं रोज.
साडेसहा सेकंद लागायचे, पाच झाले,
मग साडेपाच, का कोण जाणे,
मग एकदा चार.
गुडघे वांग्यासारखे.
पिंपाजवळ येताना लांबून ये, सुटताना खेटून सूट,
एवढं एक वाक्य अंगात जायला
माझे दोन रविवार गेले आणि पिंपाचा रंग.
घरी बाबा विचारत, समुद्र आठशे किलोमीटरवर,
तू नेमकी जाणार कुठं?

फेब्रुवारीतली शर्यत.
सगळे पुन्हा डावीकडे.
आम्हीही, कारण या वेळी डावीकडे खरंच वारा होता.
मग शिडावरचा लोकरीचा धागा,
इतका वेळ शहाण्यासारखा आडवा पडलेला,
थरथरला. उठला.
नाकाचं टोक खाली ढकलत होतं कुणी.
मी गजभियांकडे पाहिलं नाही.
विचारलं, "नेवारे, उजवीकडे?"
ती म्हणाली, "कधीचं काळं आहे."

वळलो.
एकट्याच, निलगिरीच्या रांगेकडे,
अंग बाहेर टाकून, पाठ पाण्याला टेकलेली,
आणि मागे सात शिडं
दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबलेली.
पहिल्या पिंपाला आम्ही पहिल्या.
दुसऱ्यालाही.

तिसऱ्याच्या अलीकडे सुकाणूत जलपर्णी अडकली.
नेवारेनं खांद्यापर्यंत हात घालून उपटली, शिव्या देत,
तोवर तिघी गेल्या.
चौथ्या आलो.
सरांनी दुर्बीण पुसली, अख्खं संत्रं दिलं,
म्हणाले, "गवताले काई इलाज नाही, बाप्पा,"
आणि लगेच, "आहे. सुकाणू उचलून झटकायचं.
उद्या शिकू."

आता शंकरनगरच्या सिग्नलला
मी हेल्मेट काढते.
मान वळवते, बोटभर, अजून बोटभर.
हिरवा लागतो.
मागचा हॉर्न एका कानात,
दुसऱ्यात