बिनखिडकीची खोली

कारागांडात उणे एकतीस. स्वयंपाकघराच्या काचेवर
आतून बर्फ धरलाय; त्यावरच नखाने
मी हिशेब मांडते.
फुकुओक बेट, तीन तिकिटं, मंगळवारची,
कारण मंगळवार स्वस्त.
सप्टेंबरात, कारण तिकडे तेव्हा पाऊस, म्हणून निम्मा दर.
शेजारची रायखान सांगते, चहा इथूनच न्या.
अल्दियार विचारतो, मासे चावतात का.

आणि खोली.
समुद्र दिसणारी: रात्रीला नऊ हजार तेंगे जास्त.
बाग दिसणारी: चार.
मागची, पंख्याची, बिनखिडकीची: सगळ्यात खाली,
लाजल्यासारखी, बारीक अक्षरांत.

ती मी बाबांना वाचूनच दाखवणार नव्हते.
एकोणतीस वर्षं खाणीत उतरले ते;
अजून जेवताना दिव्याखालचीच खुर्ची धरतात.
पण त्यांनी चष्मा वर सरकवला
आणि बोट नेमकं तिच्यावरच ठेवलं.

"बाबा, खिडकी नाहीये."
"दार आहे ना?
बाहेर यायला पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही ना?
मग घे.
उरलेल्यात पोराला पोहायचा चष्मा."

मी काचेवरचा नऊ तळव्याने पुसला.
तेवढ्या जागेतून अंगण दिसलं:
खाली कुणीतरी
बंद पडलेली गाडी ढकलत होतं.