सव्वातीन लिटर

रुस्तावीच्या बाजारातून घेतलेली गाडी.
मीटर म्हणतो एक लाख. नुगझार हसतो,
"मीटरला काय, शिकवाल ते बोलतो."

डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवली.
लाल दिसायला हवं होतं.
उकळून उरलेल्या चहाचा डाग, जळका वास.

भाऊ म्हणतो, मशीन लाव, सगळं धुऊन काढ.
नुगझार म्हणतो, हात लावू नकोस,
त्या गाळावरच गिअर तग धरून आहेत.

दोन रात्री कूस बदलत काढल्या.
तिसऱ्या सकाळी खालचा बोल्ट सैल केला,
गळेल तेवढं गळू दिलं,
आईच्या वाइनच्या बाटल्यांत मोजलं:
सव्वातीन लिटर.
तेवढंच नवं ओतलं. बाकीचं राहू दे आत,
जुन्या ओळखीचं.

चौथ्या मजल्यावरून आई ओरडते,
"माझ्या बाटल्या कुणी नेल्या?"

मी रिव्हर्स टाकते.
गाडी क्षणभर विचार करते.