आगगाडी

दारव्ह्याची आगगाडी बंद पडली
तेव्हापासून पोरं आमच्या बंबालाच आगगाडी म्हणतात.

आग तशी कमीच.
फाल्गुनात जिनिंगवर कापसाची गंजी पेटते,
आतल्या आत तीन दिवस धुमसते,
टेकाम दाताळ्यानं उपसत बसतो.
एरवी विहिरीत पडलेलं रानडुक्कर,
मंत्री यायच्या आधी धुवायचा रस्ता,
मे महिन्यात वॉर्ड पाचला प्यायचं पाणी
आणि त्या पाण्यावरून आम्हालाच शिव्या.

परवा खोब्रागडे काकूंचा फोन:
"आग नाही बाप्पा,
माळ्यावरची पेटी काढून देता का?"

खलीलनं शिडी लावली.
पेटीत काकांची गार्डाची शिटी,
कसर लागलेली हिरवी झेंडी.

निघालो, तर
काकू फाटकात उभ्या, झेंडी हलवत.
खलील म्हणे,
आता गाडी सोडाच लागते भाऊ.