गालिचा

"पहिलंच कुत्रं? मग स्पॅनियल नको,"
ह्यू प्रिदरो म्हणाला, फाटकाला रेलून.
बुटांवर चिखल, खिशातून सुतळी लोंबती.
"रोज दोन तास पळवावं लागतं.
भर पावसात. नाताळातसुद्धा.
कान पाण्याच्या वाडग्यात बुडवून
थेट तुमच्या मांडीवर येणार.
कानांत गोखरू, मग पू, मग वास.
एकटं सोडलंत तर दार कुरतडेल."

एर्वेन ऐकत होती.
वय बासष्ट. लॅम्पेटरच्या टपाल कचेरीतून
सुटून तीन महिने.
उजवा गुडघा पावसाआधी बोलणारा.
तिने मनात बेरीज केली,
उत्तर वजाच आलं.

"एखादं म्हातारं, शांत बघा. चार पावलांत दमणारं."
"तसं घरी आहे एक," ती म्हणाली. "मीच."

तेवढ्यात एक लाल-पांढरं पिल्लू
मेंढ्यांच्या लेंड्या तुडवत आलं,
तिच्या बुटाची नाडी सोडवून
मोठं काम उरकल्यासारखं निघून गेलं.

ह्यू हसला नाही.
"घरात गालिचा आहे?"

"नाही."

खरंच होतं ते.
गुरुवारीच तिने तो गुंडाळून
एकटीने, त्या गुडघ्यासकट,
माळ्यावर चढवला होता.