साडेसात पंचावन्न

मरमूल ते कर्न आलम : चारशे दहा किलोमीटर.
वेळ पंचावन्न मिनिटं, वारा गप्प असेल तर.
उन्हाळ्यात दक्षिणेकडून खरीफचा वारा सुटतो
(आमच्याकडे खरीप म्हणजे पेरणी, इथे धुकं),
तेव्हा जाताना एक्कावन्न, येताना त्रेसष्ट.
अंतर तेच.
मी अधूनमधून तपासतो, तेच असतं.

माझं काम सामान मोजायचं.
वजनाचा कागद भरतो, ड्रिलिंगवाल्यांना रांगेत लावतो,
धावपट्टीवर उंट बसला की सैफ अल-हरसूसीला हाक मारतो.
तो उंटाच्या मालकाला शिव्या देतो
आणि उंट उठतो.
मग फोन. पलीकडे कर्न आलम.
निघालं. सहा चाळीस. माणसं अडतीस, नग एकेचाळीस.
इंग्रजीत. नऊ महिने इंग्रजीतच.

एकदा पलीकडचा फोन ठेवायला विसरला
आणि दारातले नग मोजू लागला.
खरखरीतून ऐकू आलं,
सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस...
पगार माणूस कुठल्याही भाषेत घेतो,
मोजताना मात्र शाळेच्या सतरंजीवर बसलेला असतो.
मी म्हणालो, "तीस."
बराच वेळ नुसती खरखर.
मग : "कोन हाय रे?"

इक्बाल सरखोत, हर्णैच्या बाजूचा.
मी चोपड्याचा नेहेते.
तो सुरमईचे भाव सांगायचा, मी केळीचे,
दोघांनाही दुसऱ्याचं अर्धंच कळायचं.
पाढे तेवढे एका मापाचे निघाले,
निमकी, दिडकी, औटकीसुद्धा,
त्याला छडीने आलेली, मला शेंगदाण्यांच्या लाचेने.
विमान अडकलं होतं त्या रात्री
आम्ही अख्खं अंतर पाढ्यात बसवलं.
मिनिटाला साडेसात किलोमीटर.
साडेसात पंचावन्न चारशे साडेबारा.
"अडीच जास्त झाले," मी म्हणालो.
"ऱ्हाऊ दे," इक्बाल म्हणाला. "वळायला लागतात."

सहा वर्षं. भेट नाही.
सुट्टीला मी बसने सलालाला जायचो, तिथून पुढे.
या मार्चात बस बंद पडली
आणि माझं नाव विमानाच्या यादीत आलं,
कर्न आलम, मग मस्कत.
फोनवर सांगितलं, "उद्या सामानात मी आहे."
"किती किलोचा?"
"एकाहत्तर."
"लिवून ठेवतो."

एक्केचाळीस मिनिटांनी धुरांड्यांच्या ज्वाळा दिसल्या,
पंचावन्नाव्या मिनिटाला चाकं टेकली.
थांबा वीस मिनिटं. कुणी उतरायचं नाही, नियम आहे,
तो मी स्वतः शेकडो जणांना सांगितलेला आहे.
पिवळ्या जाकिटातला एक माणूस
बोटाने नग मोजत होता, ओठ हलत होते.
मला वाटलं होतं त्याहून उंच, आणि थकलेला.
मोजून झाल्यावर त्याने कपाळावर हात धरला,
खिडक्या एकेक करून बघितल्या.
उन्ह माझ्याच बाजूच्या काचांवर होतं.
मी काचेवर अंगठीने टकटक केली,
पंख्याच्या घरघरीत ती मलाच ऐकू आली नाही.
त्याने हात हलवला,
दोन खिडक्या पुढे,
आणि तिथल्या वेल्डर पोराने
दोन्ही हात हलवून उत्तर दिलं.

मस्कतला उतरल्यावर फोन लागला.
"बघितला मी तुला," इक्बाल म्हणाला.
"लाल टोपी. कसला हसत व्हतास रे!"
मी टोपी घालत नाही.
"हो," म्हणालो, "मीच."