पेराएवढं

डबीवर लिहिलंय, मुळांना लावू नये.
मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत, वीस मिनिटं,
मग कोमट पाण्यानं धुवावं.
स्विंडनच्या या चिंचोळ्या बाथरूममध्ये मी एकटीच हसले.
परदेशात राहणाऱ्या बाईला
मुळांवरून लगेच कविता सुचते.
मी ती करणार नाहीये. पाणी तापलंय.

केस माझे जन्मापासून पातळ.
मावशी म्हणायची, उंदराचं शेपूट.
लग्नात त्या शेपटाला गंगावन असं काही कसून गुंफलं
की फोटोत माझ्या भुवया
अजूनही आश्चर्य करतायत.
आणि मग गेल्या ऑक्टोबरात, कुणालाही न विचारता,
मी ते सोनेरी करून घेतले.
सत्तेचाळिसाव्या वर्षी.
कारण होतं.
ते आता ब्रिस्टलला राहतं.

इथलं पाणी खडूच्या टेकड्यांतून येतं.
किटलीच्या तळाशी खपली, नळाला पांढरी मिशी,
आणि माझ्या खांद्यांवर
मक्याच्या कणसाचे वाळलेले झुपके.
विंचरताना आवाज येतो, अगदी बारीक,
पलीकडच्या खोलीत कुणीतरी
चोरून पापड मोडावा तसा.

मागच्या रविवारी मूठभर लावलं होतं.
ज्याचं बिनसलंय त्याला भरभरून द्यायचं,
दुसरं काही शिकलेच नाही मी.
वाळल्यावर केस टाळूला चिकटले
ओल्या वर्तमानपत्रासारखे. नाकापेक्षा मोती जड.
सोमवारी ऑफिसात निकोला हळूच म्हणाली,
बरं नाहीये का तुला?

तरी आज पुन्हा मूठभरच.
डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, मानेवर ओघळ,
ओव्हनचं घड्याळ वीसवर लावलेलं.
अकराव्या मिनिटाला बेल वाजली.

दारात पार्सलवाला.
शेजारच्या मिसेस पॉवेल घरी नाहीत, ठेवून घ्याल का?
जानेवारीचा वारा सरळ माझ्या कानात.
तो टोपीकडे बघत होता, पण हसत नव्हता.
किती घेतलंत, त्यानं विचारलं.
मी ओंजळ दाखवली, खरी होती त्यापेक्षा लहान.
त्यानं हातमोजा काढला.
बोटांवर जुन्या, भेगाळलेल्या, गुलाबी खुणा.
आठ वर्षं सलूनमध्ये होतो, वुल्वरहॅम्प्टनला,
म्हणाला. रसायनं सोसली नाहीत हातांना.
मग करंगळीचं टोक अंगठ्यानं मोजून दाखवलं.
एवढंच. बारीक केसांना जेवण घालायचं नसतं,
नुसता हात फिरवायचा.
आणि ओला केस एक घ्या, हलकेच ताणा,
परत आला तर ठीक चाललंय.
मग म्हणाला, इथे सही.

नऊ मिनिटं उरली होती. मी थांबले नाही.
धुतलं सगळं, पुन्हा लावलं, पेराएवढं,
इतकं कमी की हाताला संशय यावा
आपण खरंच काही लावलं का.

जाळीतला एक केस चिमटीत धरला.
ताणला. लांबला. मी श्वास धरला.
ओल्या दोऱ्यासारखा तो मागे आला,
पुरता नाही, थोडा लांबलेलाच राहिला.
दुसरा मात्र तटकन तुटला.
तिसरा मी घेतला नाही.

संध्याकाळी मिसेस पॉवेल आल्या, पार्सल न्यायला.
बॉयलर, मांजर, मुलाची गुडघ्याची शस्त्रक्रिया,
पाव तास दारातच.
माझ्या डोक्याकडे त्यांचं लक्षसुद्धा गेलं नाही.
मी हो हो म्हणत राहिले,
आणि मान हलवत राहिले
गरजेपेक्षा जरा जास्त.